लर्निंग स्टाईल बघून शिकवायचं की वह्या मिटून आठवायला लावायचं?

घरीच शिकवणी घेतो, सातवी ते नववी, आणि दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय. लर्निंग स्टाईल म्हणजे कुणाला बघून जास्त कळतं (व्हिज्युअल), कुणाला ऐकून (ऑडिटरी), म्हणून ज्याला त्याला त्याच्या तऱ्हेने शिकवायचं, ही कल्पना.

आधी लर्निंग स्टाईलच केलं. कोण कुठल्या स्टाईलचा ते सांगणारी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगची वार्क चाचणी, 16 प्रश्नांची, मुलांकडून भरून घेतली. मुलं खूश, पालक त्याहून खूश, आणि मी एकाच धड्याची तीन-तीन प्रकारे तयारी करत रात्री उशिरापर्यंत चार्ट रंगवतोय. फायदा झाला नाही असं म्हणणार नाही, एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगायची सवय लागली ती आजही कामाला येते.

पण डोकं फिरलं ते त्या लेबलांमुळे. सातवीतली एक मुलगी ऑडिटरी निघाली. त्रिकोणाचं परिवर्तुळ काढायचं होतं तर ही कंपास उघडेचना, "सर तुम्ही सांगा ना, मला ऐकून कळतं." बरं, सांगितलं. निम्म्यापेक्षा जास्त अंतर घ्या, दोन्ही टोकांवरून कंस काढा, वगैरे. तिने सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. मग काढायला दिलं तर कंस एकमेकांना छेदेचनात, कारण अंतर निम्म्याहून कमी घेतलेलं! आता परिवर्तुळ काय कानाने काढायचं? विषयच मागतो ना की इथे हात चालव, तिथे कान दे. आणि बाकीची कार्टी हुशार, त्यांनी लगेच उचललं, "मी व्हिज्युअल आहे सर, मला इतिहास वाचून होत नाही." माझ्या लहानपणी ही सोय असती तर मीही सोडली नसती.

मग शोधत बसलो. 2004 मध्ये इंग्लंडात कॉफील्ड वगैरे संशोधकांनी मोजले तर मुलांना अशा स्टाईलमध्ये वाटणारे 71 प्रकारचे साचे निघाले. 2008 मध्ये पॅशलर आणि मंडळींनी सगळा अभ्यास चाळला, की व्हिज्युअल पोराला चित्रांनी आणि ऑडिटरीला ऐकून जास्त येतं असं कुणी नीट तपासलंय का, तर धड तसे प्रयोगच मोजके आणि त्यातले काही उलटेच गेलेले. आवड असते हो प्रत्येकाची, पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं हे काही दिसलं नाही.

दुसरं म्हणजे आठवायला लावणं. रोएडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 चा प्रयोग आहे, उतारा परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने त्यांना 42 टक्के आठवलं आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56. माझ्याकडे शेवटची दहा मिनिटं वह्या बंद, कोरा कागद, आठवेल ते लिहा. मुलांना अजिबात आवडत नाही, हे आधीच सांगतो. पहिले दोन आठवडे कागद कोरेच येतात आणि एका आईने "रोज परीक्षा कशाला?" म्हणून फोनही केला. माझा अनुभव एवढ्याशा पोरांचा, तुमच्याकडे वेगळं असू शकेल. आणि कमी ऐकू येणं, वाचनाची खरी अडचण असणं हा वेगळा विषय, तिथे पद्धत बदलावीच लागते.

शाळेत स्टाईलवालं चालू असेल तर भांडायला जाऊ नका, चार्टने काही बिघडत नाही. फक्त पोरासमोर "हा ना व्हिज्युअल आहे" म्हणणं टाळा. आणि बोटांचे ठसे घेऊन स्टाईल सांगणाऱ्यांना पैसे तर अजिबात देऊ नका, माझ्या पद्धतीला कागदसुद्धा विकत आणावे लागत नाहीत, पाठकोरे चालतात.