झूटॅक्सा की जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा?

आंबोलीच्या आठ पायांच्या कोळ्यांवर काम करणारी एक विद्यार्थिनी शोधनिबंध कुठे पाठवावा म्हणून या दोन नियतकालिकांत अडकली आहे. तिला मी आधी दोन्हींची व्याप्ती वाचायला सांगितलं.

ऑकलंडचं झूटॅक्सा (2001पासून) फक्त प्राण्यांच्या वर्गीकरणाचं. नवी जात, कुळाची फेरमांडणी हे त्याचं घर. कोइम्बतूरच्या थ्रेटन्ड टॅक्साला वर्गीकरण चालतंच, शिवाय संवर्धन, जातींच्या याद्या, नव्या ठिकाणच्या नोंदी, वनस्पतीही.

वाचकाचं काय? थ्रेटन्ड टॅक्सा सगळ्यांना मोफत. झूटॅक्सात खुला लेख हवा तर लेखकाने पैसे भरायचे. गावातल्या निसर्गमित्रापर्यंत लेख पोचणं मला फार मोलाचं वाटतं.

अनेक जातींची सखोल फेरमांडणी असेल तर झूटॅक्सा. आंबोलीची यादी आणि अधिवासाची चिंता मांडायची असेल तर थ्रेटन्ड टॅक्सा.