चरबी दाखवणारा वजनकाटा: क्वालिटी खात्यातल्या बाईचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारण अर्धे लोक तेवढंच वाचतात. वजनकाटा म्हणून पाचपैकी साडेचार. चरबीची टक्केवारी सांगणारं यंत्र म्हणून दोन. ॲपमधल्या 'शरीराचं वय' आणि 'हाडांचं वजन' या दोन रकान्यांना शून्य.

माझं पोटच मोजमापावर चालतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर, नाहीतर रिजेक्ट झालेल्या मालाचा रिपोर्ट. त्यामुळे खोक्यावर 'अचूकता ०.१ टक्का' छापलेलं बघून मला हसूच आलं. ०.१ हा लीस्ट काउंट झाला. पडद्यावर दशांश चिन्हापुढे एक आकडा उमटतो, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा खरा किती, ही चौकशी वेगळी करावी लागते.

काटा घेतला त्याला कारण होतं. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.८, हातपाय काटकुळे, पण पोट सुटलेलं आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, "वजनाचं सोडा, चरबी किती आहे ते बघा." आपल्या लोकांचं हे नेहमीचंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे एक्स-रेने चरबी मोजणाऱ्या तपासणीत, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा बीएमआय ठीक आला म्हणून आपण निर्धास्त राहायचं कारण नाही.

आता काटा. ऑनलाइन घेतला, सेलमध्ये अठराशेला पडला. काचेवर धातूच्या चार पट्ट्या आहेत, त्यांवर अनवाणी उभं राहायचं. एका पायातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून तिथून प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथे अडतो. काटा मोजतो तो एवढाच अडथळा. पुढे त्यात तुमची उंची, वजन, वय आणि लिंग घालून कंपनीच्या सूत्रातून टक्केवारी काढतो. म्हणजे चरबी कुणी मोजतच नाही, ती हिशेबातून निघते. शिवाय प्रवाह पायांपुरता फिरून परत येतो. माझी सगळी तक्रार पोटाची, आणि पोटाबद्दल हा काटा चक्क अंदाज बांधतो.

सूत्राचा वाटा किती, हे बघायला सोपं आहे. मी उभी राहिले, ३१.४ आलं. ॲपमध्ये वय ४७ च्या जागी २५ केलं आणि त्याच पावली परत उभी राहिले, तर दोन टक्क्यांहून जास्त चरबी गायब. मग नवऱ्याच्या प्रोफाइलवर उभी राहिले आणि टक्केवारी थेट विशीत उतरली. शरीर तेच, काटा तोच, फरशीही तीच. (फरशीचं मुद्दाम लिहिते. जुन्या सोसायट्यांत फरश्या खालीवर असतात, चारही पाय टेकले नाहीत तर वजनसुद्धा चुकीचं येतं.)

दुसरा प्रकार मिसळीचा. रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ, तिखटच, आणि रात्री घरी पापड-लोणच्यासकट साग्रसंगीत जेवण. सोमवारी सकाळी वजन सातशे ग्रॅमने वर आणि चरबी एक टक्क्याने खाली! मिठामुळे अंगात पाणी धरलं गेलं, पाणी वाढलं म्हणून अडथळा कमी झाला, आणि काट्याने समजूत करून घेतली की बाईंचे स्नायू वाढले. उलट ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम होऊन पाणी न पिता उभ्या राहिलात तर चरबी वाढलेली दिसेल. टाचांना भेगा पडल्या असतील, तळवे कोरडे राठ असतील तरी आकडा हलतो. मी उभं राहण्याआधी तळवे ओल्या फडक्याने पुसते.

एवढं असूनही दोन गुण का दिले? कारण रिपीटेबिलिटी बरी आहे. सकाळी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी उभी राहिले की आकडे जवळपास येतात. कारखान्यात एखादं गेज नेहमी तेवढ्याच फरकाने चुकत असेल तर त्यावर काम भागवता येतं. कधी इकडे, कधी तिकडे चुकणारं गेज मात्र फेकावं लागतं. हा काटा पहिल्या जातीचा आहे, पण आठवड्याची सरासरी काढली तरच. रोजचा आकडा बघून रोजचं जेवण ठरवू नका.

जिमच्या मशीनबद्दलही लिहिते, कारण पाचपाखाडी-नौपाड्यात हल्ली जिमची पाटी तिथे 'फ्री बॉडी ॲनालिसिस'ची पाटी. त्यात पायाखाली पट्ट्या आणि हातात मुठी असतात, त्यामुळे हात, धड, पाय वेगवेगळे मोजले जातात. यंत्र म्हणून घरच्या काट्यापेक्षा निश्चित सरस. माझे ३४.० आले. घोळ यंत्रात नव्हता, यंत्र वापरण्यात होता. पहिलं रीडिंग ऑफिसातून थेट गेले तेव्हा घेतलं, आणि कागदावर लाल रेघा दाखवत कोच म्हणाला, "मॅडम, तीन महिन्यांत आठ टक्के उतरवून देतो, पर्सनल ट्रेनिंग घ्या." नंतरचं रीडिंग ट्रेडमिलवरून उतरल्या उतरल्या घेतलं आणि "बघा, फरक पडला ना?" व्यायामाने कातडी तापते, रक्त कातडीकडे धावतं, अडथळा कमी भरतो आणि चरबी कमी दिसते. मी म्हटलं, "दादा, दोन्ही वेळा एकाच अवस्थेत घ्या की." त्याने चहा मागवला. विषय तिथेच संपला.

चिमट्याचं, म्हणजे कॅलिपरचं, थोडक्यात. कातडीची घडी चिमटीत धरून मिलिमीटरमध्ये मोजायची. बायकांसाठी दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी. त्यावरून शरीराची घनता, आणि घनतेवरून टक्केवारी. पद्धत वाईट नाही, पण सगळं बोटांवर. सोसायटीतल्या फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीने दंडाला २२ सांगितले, जिममधल्या ताईंनी २६. ऑपरेटर बदलला की रीडिंग बदलतं, अशा गेजला आमच्याकडे पास करत नाहीत. त्यात चांगल्या कॅलिपरचा दाब ठरलेला असतो, चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम. तीनशे रुपयांच्या प्लॅस्टिकवाल्यात दाब आपल्या अंगठ्याचा.

शेवटी डेक्सा केला, घोडबंदर रोडच्या एका सेंटरमध्ये. फोनवरच नीट विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी डेक्सा म्हणजे फक्त कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता. आपल्याला 'होल बॉडी कॉम्पोझिशन' हवं असतं. मला रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा "हाडांचंच ना?" विचारलं. साडेतीन हजार घेतले. टेबलावर स्वस्थ पडायचं, वरून दांडा हळूहळू सरकतो, दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे जातात आणि हाड, चरबी, बाकीचा ऐवज असे तीन वाटे निघतात. किरणांचा डोस छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी, तरी गरोदरपणात करत नाहीत. माझे आले ३७.६. म्हणजे घरचा काटा मला सहा टक्क्यांनी बारीक समजत होता. आणि पोटाचा आकडा हातापायांपेक्षा बराच वर, जे मला आरशातही दिसत होतंच.

पण डेक्सालाही मी मास्टर पीस, म्हणजे बाकीची यंत्रं ज्यावर पडताळायची तो प्रमाण नमुना, म्हणणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर तोच माणूस वेगळा भरतो. कारखान्यात शंका आली की स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) काढून पडताळता येतं. माणसाच्या बाबतीत खरी चरबी कळायची तर रासायनिक पृथक्करण करावं लागेल, आणि ते मेल्यावरच. घनतेवरून चरबी काढायची जुनी सूत्रंसुद्धा मोजक्याच मृतदेहांच्या पृथक्करणावर उभी आहेत. म्हणून नणंदेने ऐरोलीहून फोन करून "वहिनी, माझे २९ आले, तुझे?" असं विचारलं तेव्हा मी तिला आधी मशीन कोणतं ते विचारलं. तिचा काटा वेगळ्या कंपनीचा. तिचे २९ आणि माझे ३१ यांत तुलनाच होत नाही.

तिला काटाच बदलायचा होता. मी सांगितलं, आहे तो राहू दे, जांभळी नाक्यावरून फायबरग्लासची टेप आण. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणली जाते, ती नको, आणि नवीही एकदा स्टीलच्या पट्टीला लावून बघ. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० ही हद्द धरतात. माझी कंबर ८८ होती, आता ८५ आहे. याच काळात काट्यावरची चरबी सरासरीने जेमतेम एक टक्का हलली.

काटा घेणारच असाल तर: पेसमेकर असलेल्या माणसाने त्यावर उभं राहू नये, हे खोक्यावर बारीक अक्षरांत असतं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. साधे तीन सेल लागतात, वर्ष निघतं. ॲप फोनबुकची परवानगी मागतं, मी नाकारली, तरी सगळं चालतं.