आपडी-थापडी की चिमणी भुर्र?

मे महिन्यात पोरांना घेऊन कोकणात जायचं, दिवसभर रेल्वेगाडीत बसायचं आणि मोबाइल हातात द्यायचा नाही असं ठरवलं असेल, तर नुसते हात पुरतात. सोंगट्या नकोत, सागरगोटे नकोत. कुठला खेळ घ्यायचा, हे मुलांच्या वयावर आणि बसायला जागा किती आहे त्यावर ठरवावं.

मूल वर्षा-दीड वर्षाचं असेल तर फार विचार करू नका. मांडीवर घ्या आणि 'इथे इथे बस रे मोरा' म्हणत त्याचं एक बोट दुसऱ्या तळहातावर टेकवत राहा. भुर्र म्हणताना हात वर गेला की ते खिदळणारच.

खरी निवड असते ती त्यापुढच्या वयाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मी आधी आपडी-थापडीच शिकवते. सगळ्यांनी गोल करून हात पालथे ठेवायचे, एकाने गाणं म्हणत प्रत्येकाच्या हातावर थापटी द्यायची. 'दोन हाती धरले कान' आलं की शेजाऱ्यांचे कान धरायचे, 'चाऊ माऊ'ला तसंच डोलायचं आणि शेवटी 'गडप' म्हटलं की हात पाठीमागे. यात कुणी हरत नाही, म्हणून लहानगं रुसत नाही. शब्द घरागणिक थोडे बदलतात. तुमच्या आजीच्या तोंडी जे होते तेच म्हणा. अडचण जागेची. घरात फरशीवर ऐसपैस गोल होतो, पण गाडीच्या बाकावर ओळीने बसून दोन्ही शेजाऱ्यांचे कान धरायला गेलं की कडेच्या दोघांची पंचाईत होते. शिवाय पहिली-दुसरीतलं मूल दोन फेऱ्यांत कंटाळतं.

चिमणी भुर्रला मात्र वयाची अट अशी नाहीच. प्रत्येकाने एक बोट मांडीवर किंवा बॅगेवर टेकवायचं. राज्य असलेला म्हणतो, "चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र", आणि मध्येच, त्याच चालीत, "म्हैस भुर्र!" उडणाऱ्याचं नाव आलं की बोट वर करायचं, न उडणाऱ्याला बोट उचललं तो बाद. सोपं वाटतं, पण लय लागली की हात आपसूक वर जातो, आणि तो वेळेवर आवरणं मोठ्यांनाही कठीण जातं. सहा वर्षांची मुलगी बाबाला बाद करते तेव्हा तिचा चेहरा बघावा. मग वाद: कोंबडी उडते का? मोर? पतंग धरायचा की नाही? मोर उडतोच, तो धरावा. कोंबडीचं आधी ठरवून घ्या, नाहीतर डाव तिथेच मोडतो. चार वर्षांच्या आतल्याला मात्र यात बाद करू नये, नुसतं खेळू द्यावं.

दोघंच असाल तर मधलं बोट ओळखायला लावा. एका हाताची पाचही बोटं जवळ घेऊन दुसऱ्या मुठीत अशी धरायची की फक्त टोकं दिसतील. मधलं बोट किंचित खाली ओढायचं, तर्जनी वर सरकवायची. समोरच्याला पाचांतून एक निवडायचं असतं, पण अंगठा रुंदीवरून कळतो, म्हणून तो मुठीत जरा आत दाबावा. दगड-कागद-कात्री राज्य कुणावर हे ठरवायला बरी. नऊ जोड्यांपैकी तीन बरोबरीत सुटतात, त्यामुळे दोन-तीनदा करावी लागते, तेवढंच.

आजी-आजोबा परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर खेळणार असतील, तर आपडी-थापडीचा उपयोग नाही. हातावर थापटी द्यायला हात समोर हवा. तिथे चिमणी भुर्र चालते, फक्त आवाज उशिरा पोचतो, म्हणून सावकाश म्हणावं.

गाडीसाठी माझं मत चिमणी भुर्रलाच. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो, खिडकीत बघायला काही उरत नाही आणि फोनची रेंजही जाते. बोट टेकवायला सांगायची हीच वेळ.