अलोन्सोनं थांबावं का? एफवन, ल माँ आणि डकार शेजारी शेजारी ठेवून

एफवनचा (फॉर्म्युला वन) चालक फर्नांडो अलोन्सो २९ जुलै २०२६ ला ४५ वर्षांचा होतो आणि ॲस्टन मार्टिनबरोबरचा त्याचा करार त्याच वर्षाअखेर संपतो. पुन्हा सही करायची, की एफवनचं हेल्मेट खुंटीला टांगून ल माँ (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) किंवा डकारकडे (वाळवंटातली रॅली) वळायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे आहे. गाठोडं मोठं आहे: दोन जगज्जेतेपदं (२००५ आणि २००६), ३२ विजय, १०६ पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांत येणं), ४२० हून अधिक शर्यती. त्यातला शेवटचा विजय मात्र १२ मे २०१३ चा, बार्सिलोनातला. फक्त विजय मोजायचे ठरवले असते तर हा विषय दहा वर्षांपूर्वीच निकालात निघाला असता.

मोजायचं कशानं?

क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी त्याची स्वतःची असते. एफवनमध्ये गुणतक्ता बराचसा गाडीचा असतो. २०२३ मध्ये अलोन्सोनं ८ पोडियमसह २०६ गुण मिळवले आणि चौथा आला. २०२४ मध्ये ७० गुण, नववा. २०२५ मध्ये ५६ गुण, दहावा, आणि त्या मोसमात पहिल्या आठ शर्यतींत तर एकही गुण नाही. दोन हिवाळ्यांत कुणाचा हात इतका बिघडत नाही. बिघडली ती गाडी.

म्हणून जाणकार आधी संघसहकाऱ्याकडे पाहतात, कारण तीच गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती नसते. २०२५ मध्ये पात्रता फेरीत अलोन्सो लान्स स्ट्रोलपेक्षा २४ पैकी २४ वेळा पुढे होता, आणि गुणांत ५६ विरुद्ध ३३. स्ट्रोल ही काही एफवनमधली सर्वांत कडक कसोटी नव्हे, हे इथं नोंदवायलाच हवं. चार्ल्स लेक्लेअरसारखा माणूस शेजारी असता तर चित्र अधिक स्पष्ट झालं असतं. लुइस हॅमिल्टनच्या वाट्याला नेमकं तेच आलं: २०२५ मध्ये त्याच फेरारीत लेक्लेअरनं ७ पोडियम घेतले, हॅमिल्टननं चीनमधली स्प्रिंट (छोटी शर्यत) जिंकली, पण मुख्य शर्यतीत त्याला एकही पोडियम मिळाला नाही. तेव्हा गुण जास्त असूनही (हॅमिल्टन सहावा आला) निवृत्तीचा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक टोचणारा ठरतो.

मायकेल शूमाकरचा दाखलाही याच मोजपट्टीवर वाचावा. तीन वर्षं बाहेर राहून तो २०१० मध्ये ४१ व्या वर्षी परतला. निको रोसबर्गनं त्याच मर्सिडीजमध्ये १४२ गुण मिळवले, शूमाकरनं ७२. पुनरागमनातल्या एकूण ५८ शर्यतींत एकच पोडियम, २०१२ चं व्हॅलेन्सिया. अलोन्सो दोन वर्षांच्या खंडानंतर २०२१ मध्ये परतला तेव्हा त्यानं ८१ गुण केले, एस्तेबान ओकॉननं ७४. तेही त्या फेब्रुवारीत सायकल अपघातात जबडा मोडल्यानंतर, टायटॅनियमच्या दोन पट्ट्या तोंडात ठेवून.

शरीरात आधी काय दमतं

वय वाढलं की रिॲक्शन मंदावते आणि चालक संपतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ब्रेक कुठे दाबायचा हे चालक आधीच ठरवून बसलेला असतो; ती पूर्वतयारी अनुभवानं वाढते. वयाचा पहिला हप्ता वसूल होतो तो शर्यत संपल्यावर, शरीर पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळातून. जोरदार ब्रेकिंगला ५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट) आसपास ताण येतो, डाव्या पायानं पेडलवर १०० किलोहून जास्त जोर द्यावा लागतो, आणि वेगवान वळणांत हेल्मेटसकट डोकं मानेलाच सावरावं लागतं. २५ वर्षांचा चालक यातून दोन-तीन दिवसांत सावरतो. चाळिशीनंतर तेवढ्यासाठी आठवडा अपुरा पडू लागतो, आणि लागोपाठ तीन शर्यती असल्या की आठवडा मिळतच नाही. २०२५ चा शेवट बघा: २२ नोव्हेंबरला लास व्हेगास, ३० ला कतार, ७ डिसेंबरला अबुधाबी. पहिल्या दोन ठिकाणांच्या घड्याळात ११ तासांचं अंतर.

२०२२ ते २०२५ च्या गाड्यांनी पाठीचंही बरंच नुकसान केलं. तळाशी हवा ओढून रस्त्याला चिकटायचं तर सस्पेन्शन दगडासारखं ठेवावं लागायचं, आणि प्रत्येक धक्का थेट कण्यात जायचा. २०२५ च्या हंगेरी शर्यतीत पाठीच्या स्नायूच्या दुखण्यामुळे अलोन्सो पहिल्या सरावाला बसला नाही. गाडी फेलिपे द्रुगोविचनं चालवली. गंमत म्हणजे रविवारी अलोन्सो पाचवा आला. थांबा म्हणणारे शुक्रवार दाखवतात, राहा म्हणणारे रविवार. आमच्या मते शुक्रवारच्या नोंदी जास्त जपून ठेवाव्यात, कारण अशा गोष्टी वाढत्या अंतरानं येत नाहीत, घटत्या अंतरानं येतात.

आणखी एक बाब कमी बोलली जाते: डोळे. पंचेचाळिशीच्या आसपास जवळचं अंधुक दिसू लागणं सामान्य आहे, आणि स्टिअरिंगवरचा पडदा हातभर अंतरावर असतो.

२०२६ ची गाडी कुणाच्या बाजूची?

नवे नियम ज्येष्ठाच्या बाजूनं झुकतात असं आम्हाला वाटतं. किमान वजन ८०० वरून ७६८ किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३,६०० वरून ३,४०० मिमी, आणि विद्युत मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट. जवळजवळ निम्मी शक्ती बॅटरीतून येणार, आणि ती सरळ रस्त्याच्या शेवटापर्यंत पुरवायची तर थोडं आधी पाय उचलणं, कुठे खर्चायची आणि कुठे साठवायची याचा हिशेब लॅपभर डोक्यात ठेवणं आलं. अलोन्सोनं हे काम टोयोटाच्या ल माँच्या गाडीत, टीएस०५० हायब्रिडमध्ये, रात्र-रात्र केलेलं आहे. नवी कार्टिंगची पोरं सिम्युलेटरवर हे शिकतात आणि पटकन शिकतात, म्हणून ही आघाडी एका मोसमापेक्षा जास्त टिकेल असं धरून चालू नये.

संघाच्या बाजूनं पाहिलं तर होंडाचं इंजिन नवं आणि गाडीचा आराखडा करणाऱ्या एड्रियन न्यूईची ही ॲस्टनसाठीची पहिली गाडी. अशा वेळी गाडीत काय चुकतंय ते नेमकं सांगणारा माणूस सोन्यासारखा. कॅडिलॅक या नव्या संघानं आपल्या पहिल्या मोसमासाठी वाल्टेरी बोटास आणि सर्जिओ पेरेझ हे दोन जुनेजाणते घेतले, ते काही भावनेपोटी नव्हे. शिवाय चालकाचा पगार संघांच्या वार्षिक खर्चमर्यादेबाहेर धरला जातो. अलोन्सोला ठेवल्यानं त्या मर्यादेतून गाडीच्या सुधारणांसाठीचा पैसा कमी होत नाही.

दुसरीकडे जायचं तर

| | एफवन | ल माँ आणि जागतिक एन्ड्युरन्स मालिका | डकार |
|---|---|---|---|
| वर्षाचा पसारा | २०२४ आणि २०२५ मध्ये २४ शर्यती | २०२४ आणि २०२५ मध्ये ८ शर्यती | जानेवारीतले दोन आठवडे |
| गाडीत कोण | एकटा | बहुधा तिघे, आळीपाळीनं | चालक आणि नॅव्हिगेटर |
| ताण कुठे | मान, ब्रेकचा पाय | झोप, रात्रीची वाहतूक | पाठीचा कणा |
| अलोन्सोची कमाई | ३२ विजय | २०१८ आणि २०१९ ची ल माँ, २०१८-१९ चं विजेतेपद | २०२० मध्ये १३ वा |

एन्ड्युरन्सची गाडी सोपी नाही, पण दयाळू आहे. हायपरकारचं (या मालिकेतल्या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाडीचं) किमान वजन १,०३० किलो, ताकद ५०० किलोवॅटच्या आसपास. वळणातला ताण एफवनपेक्षा बराच कमी. ल माँमध्ये एका चालकाला कोणत्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. त्रास वेगळ्या जागी होतो. सीट तिघांत वाटलेली, त्यामुळे उंचीनुसार आत घालायची गादी बदलावी लागते आणि कुणाचीच बैठक मनासारखी होत नाही. १३.६ किमीच्या रस्त्यावर साठेक गाड्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक हळू. आणि निकाल आपल्या हातात एक तृतीयांशच. २०१९ मध्ये टोयोटाची ७ क्रमांकाची गाडी आघाडीवर होती. टायर पंक्चर झाला, सेन्सरनं चुकीचं चाक दाखवलं, भलताच टायर बदलला गेला, आणि विजय अलोन्सोच्या ८ क्रमांकाकडे गेला. ॲस्टनची स्वतःची व्हॅल्किरी २०२५ पासून या मालिकेत आहे, ६.५ लिटर व्ही१२ आणि हायब्रिडशिवाय. घरचाच दरवाजा.

दोन्ही एकदम करू म्हणावं तर तारखा आडव्या येतात. २०२६ ची ल माँ १३-१४ जूनला आणि त्याच रविवारी बार्सिलोनाची एफवन. इंडियानापोलिस ५०० हे अलोन्सोच्या तिहेरी मुकुटातलं (मोनॅको, ल माँ आणि इंडियानापोलिस या तिन्ही शर्यती जिंकणं) हुकलेलं रत्न (२०१७ मध्ये इंजिन गेलं, २०१९ मध्ये पात्रताच हुकली, २०२० मध्ये २१ वा). तेही २४ मेला, कॅनडाच्या शर्यतीच्या दिवशीच.

डकारला वय आडवं येत नाही. कार्लोस साइन्झ सीनियर २०२४ मध्ये ६१ व्या वर्षी जिंकला. त्याच साइन्झच्या पाठीचे मणके २०२३ मध्ये मोडले होते, हेही सोबत वाचावं. वाळूच्या टेकडीवरून गाडी नाकावर आपटली की तिथं अनुभव कामी येत नाही.

आमचा कौल

अलोन्सोनं स्वतः म्हटलं आहे की २०२६ ची गाडी चांगली निघाली तर थांबण्याची शक्यता जास्त, वाईट निघाली तर आणखी एक वर्ष राहण्याची. पहिला भाग समजतो. दुसरा पटत नाही. तो हरत्या पत्तेवाल्याचा हिशेब झाला. गाडी वाईट असेल तर पुढच्या वर्षीही ती रातोरात सुधारत नाही, पाठ मात्र वर्षानं जुनी होते.

आमच्या लेखी सही ऑगस्टच्या सुट्टीत ठरावी, आणि तीन गोष्टींवर. पात्रतेत स्ट्रोलवरची आघाडी अजून एकतर्फी आहे का? शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, जुन्या टायरवर, त्याचे लॅप स्ट्रोलपेक्षा जास्त घसरतात का? लागोपाठच्या शर्यतींत दुसऱ्या रविवारनंतर सराव चुकवावा लागला का? पहिल्याचं उत्तर हो आणि उरलेल्या दोहोंचं नाही असेल, तर एक वर्षाचा करार, दोनाचा नाही. एकही उत्तर फिरलं तर व्हॅल्किरीकडे जावं, आणि ते लवकर, कारण कारखान्याच्या हायपरकार सीटही पन्नाशीपर्यंत वाट पाहत नाहीत. जेन्सन बटननं त्या वर्गातून २०२५ अखेर, ४५ व्या वर्षी निरोप घेतला.

एफवनचा दरवाजा या वयात एकदाच बंद होतो. चालू मोसमातल्या गाडीच्या चाचण्या मोजक्या, सीट २२, आणि ॲस्टननं २०२६ साठी तिसरा चालक म्हणून जॅक क्रॉफर्डला आधीच नेमून ठेवलं आहे. डकारला मात्र साइन्झच्या हिशेबानं अजून सोळा वर्षं आहेत.