पोरं जमली, पानं सुटली

टी. जे. क्लूनचं 'द हाऊस इन द सेरुलियन सी' घेऊन सात महिने झाले. २०२० चं पुस्तक, गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मी लिहायला बसले ते वेगळ्याच रागाने. गेल्या महिन्यात १४१ ते १६० ही पानं गठ्ठ्यानं माझ्या मांडीवर आली.

बेळगावच्या पावसात पापडापासून काडेपेटीपर्यंत सगळं सादळतं, मान्य. पण साडेचारशे रुपयांचं पुस्तक नुसत्या गोंदावर? शिवणीचा एक टाका नाही. दुकानात नेलं तर म्हणे, "तुम्ही लई उघडलासा की हो." मग काय हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवायचं होतं?

उघडलं जास्त, हे मात्र खरं. पहिल्या वाचनात मला ते अतिच गोड वाटलेलं, कुंद्यावर वरून साखर पेरल्यासारखं. लायनस बेकर, चाळिशीचा, सतरा वर्षं जादुई मुलांच्या खात्यात. बेटावरच्या अनाथाश्रमाची महिनाभर तपासणी करायला जातो आणि तिथलाच होतो. हे पुढे होणार ते आधीच कळतं. मी स्वतः कचेरीत आहे. लायनसचा दर आठवड्याचा अहवाल वरचे साहेब खरंच वाचतात, यापेक्षा आश्रमातल्या थिओडोरवर, म्हणजे पंखवाल्या छोट्या ड्रॅगनसारख्या पोरावर, विश्वास ठेवणं सोपं गेलं.

जूनमध्ये भाची राहायला आली. शाळा इंग्रजी, गल्लीत कन्नड, घरात मराठी. रोज रात्री इंग्रजी पान बघत तोंडी मराठीत सांगायचं, आणि तिथं माझं मत फिरलं. आश्रमातला चॉन्सी म्हणजे हिरवा लिबलिबीत गोळा. तो नेमका काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि त्याला व्हायचंय काय, तर हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलणारा. मी एकटी वाचताना हसले होते. ही गंभीरपणे म्हणाली, "मावशी, स्टँडजवळच्या लॉजवर घेतील की त्याला. तिथला मामा म्हातारा झालाय."

साल नावाचा मुलगा घाबरला की पॉमेरेनियन कुत्रा होतो. त्याच्या खोलीतला भाग तिनं तीनदा वाचून घेतला. का, ते मी विचारलं नाही.

ल्युसीवरून बहीण तापली. "झोपताना सैतानाचं पोर कशाला गं?" सहा वर्षांचा आहे, जुन्या गाण्यांचं वेड आहे, म्हटलं. आता तीच फोनवर विचारते, आज काय केलं त्यानं.

शेवटी बाइंडरकडे दिलं. ८० रुपये, चार दिवस. दोऱ्यानं घट्ट शिवलंय, पण आतल्या बाजूचा समास खाल्ला. आता दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय ओळीची शेवटची अक्षरं दिसत नाहीत. तरी पानं जागेवर आहेत. दुसरा भाग २०२४ लाच आलाय; तो घेताना दुकानातच मधोमध उघडून बघणार. नुसता गोंद दिसला तर तिथंच ठेवणार.

थिओडोर बटणं साठवतो, म्हणून भाचीनं पुस्तक देताना आत एक शर्टाचं बटण ठेवलं होतं. पुस्तक आलं, बटण नाही. ऐंशी रुपयांत धरलं असावं.