सशांच्या दोन माद्या भांडू लागल्या: नसबंदी, शेजार की ताटातूट?

संक्रांतीच्या आठवड्यात दोन बहिणी घरी आणल्या, म्हणून एकीचं नाव तिळी आणि दुसरीचं गुळी. तेव्हा दोघी दोन महिन्यांच्या होत्या. एकाच टोपलीत एकमेकींच्या पाठीवर मान टाकून झोपायच्या, कोथिंबिरीची एक काडी दोन टोकांनी कुरतडत मधे भेटायच्या. एप्रिलमध्ये एका सकाळी हॉलमध्ये आले तर फरशीभर राखाडी केसांचे पुंजके, आणि दोघी एकमेकींच्या पोटात तोंड खुपसून चाकासारख्या गरगर फिरत होत्या. मी घाबरून मधे हात घातला आणि बोटाला खोल चावा बसला.

साधारण चार ते सहा महिन्यांत मादी वयात येते. लहान चणीच्या जातींत साडेतीन महिन्यांतही. तोपर्यंतची बहिणींची माया ही पिल्लांची माया असते, पुढे त्याच टोपलीवर दोघी हक्क सांगू लागतात. ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणत रडत बसू नका. पुढचे निर्णय मात्र तुमचे आहेत, आणि त्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी आजच्या आज दोघींना वेगळं करा. भांडण सोडवताना हात घालू नका. केर भरायची सुपली किंवा जाड टॉवेल मधे सरकवा. मग एकेकीला मांडीवर घेऊन केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवत पोट, जांघा, शेपटीखालची जागा, कान आणि पापण्या तपासा. सशाची कातडी कागदासारखी पातळ आणि केस दाट, त्यामुळे जखम डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. गुळीच्या जांघेत मला मसुरीच्या डाळीएवढी खपली लागली आणि तिच्याखाली गाठ होती. सशाचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. अशी गाठ लागली तर थेट डॉक्टरांकडे जा. घरातलं प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नका. तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिनने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यात ससा दगावू शकतो.

त्याच भेटीत दोघी खरोखर माद्याच आहेत ना, हेही पाहून घ्या. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांचं लिंग ओळखताना दुकानदार हमखास चुकतात. एक नर निघाला तर एकतीस दिवसांत पिल्लं होतील, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते.

तशाच एकत्र ठेवल्या तर?

‘भांडून भांडून आपोआप मिटेल’ असं पुष्कळ जण सांगतात. मला तेही दोन ठिकाणी सांगितलं गेलं. हा मार्ग मी पर्यायांत धरतच नाही. सशाच्या मादीचं बीज ठरावीक दिवसांनी सुटत नाही, समागमानंतर सुटतं. एक मादी दुसरीवर चढली तरी तेवढं पुरतं. मग खालचीला सोळा-अठरा दिवसांचं खोटं गाभणपण येतं: ती गळ्याखालचे केस उपटते, तोंडात गवत भरून कोपऱ्यात घर बांधते आणि त्या कोपऱ्याकडे कुणालाही फिरकू देत नाही. म्हणजे नसबंदी न झालेल्या दोघी एकमेकींना सतत पेटवत राहतात. मधे चार शांत दिवस येतात, आपण निर्धास्त होतो, आणि नेमकं तेव्हाच कान फाटतो.

दोघींची नसबंदी आणि पुन्हा जोडी

आम्ही हा मार्ग घेतला. सगळ्यात जास्त त्रास याच मार्गात आहे आणि सगळ्यात जास्त फळही यातच.

भांडण हे एकच कारण नाही. नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो; काही जातींत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून जास्त माद्यांत तो आढळलेला आहे. त्यामुळे खर्चाचा हिशेब करताना हे ऑपरेशन फक्त जोडीच्या खात्यावर टाकू नका.

अडचण आहे ती डॉक्टरांची. कुत्र्या-मांजरांवर उत्तम हात असलेल्या डॉक्टरांचा सशांवर तसाच हात असेल असं नाही. आम्ही पुण्यात तिघांना भेटलो. पहिल्या ठिकाणी सांगितलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. तिथून मी दोघींना परत आणलं. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतड्याची हालचाल थंडावते, म्हणून त्याला ऑपरेशनच्या आधी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. महिन्याला किती सशांची ऑपरेशनं करता, भूल कोणती देता आणि ती चालू असताना कशावर लक्ष ठेवता, नंतर वेदनाशामक किती दिवस देता, हे मोकळेपणाने विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

उन्हाळा टाळता आला तर टाळा. तीस अंशांपुढे सशांना ऊन बाधू लागतं, त्यात टाके सांभाळणं जड जातं. आम्ही एप्रिल ते जून दोघींना वेगळं ठेवून जुलैत ऑपरेशन केलं. घरी आल्यावर पहिली रात्र मी जागून काढली, कारण बारा तासांत खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर ती तातडीची वेळ असते. तिळीने पहाटे मेथीचं पान ओढलं तेव्हा जिवात जीव आला.

आणि इथेच बहुतेकांची घाई होते. टाके दहा-चौदा दिवसांत सुकतात, अंगातली संप्रेरकं उतरायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठही. तोवर जाळीच्या दोन बाजूंना दोघी, आणि दोन जाळ्यांमध्ये चार बोटांचं अंतर, नाहीतर एकमेकींची नाकं चावतात. रोज शी-सूच्या ट्रेची अदलाबदल करायची, म्हणजे दुसरीचा वास अंगवळणी पडतो. हिरवं दोघींना जाळीजवळ एकाच वेळी द्यायचं.

भेट मात्र आपल्या हॉलमध्ये नको, तिथे हक्काचा प्रश्न येतो. शेजारच्या काकूंनी त्यांची रिकामी खोली दिली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, खाली सतरंजी, गवताचे तीन वेगळे ढीग आणि माझ्या हातात सुपली. एकीने दुसरीवर चढणं, थोडा पाठलाग, केसांची एखादी ओढ चालतं. त्यातूनच मान कुणाचा हे ठरतं. कान मागे चिकटले, शेपट्या ताठ झाल्या आणि दोघी एकमेकींभोवती गोल फिरू लागल्या की क्षणाचाही उशीर नको. गणपतीत ढोलताशांनी दोघी बिथरल्या, म्हणून दहा दिवस भेटी बंद ठेवल्या. नंतर एका दुपारी गुळीने मान जमिनीला टेकवून डोकं पुढे केलं आणि तिळी तिच्या दोन डोळ्यांच्या मधे चाटू लागली. मी श्वास रोखून बसले होते. दसऱ्याला जाळी काढली.

घाबरवून जोडी जमवण्याचा सल्लाही मिळेल: एका पेटीत घालून गाडीतून फिरवा, वॉशिंग मशीनवर ठेवा. भीतीने बिलगलेले ससे मैत्रीण झालेले नसतात. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका.

नसबंदीशिवाय, जाळीपलीकडची शेजारीण

तालुक्याच्या गावी राहत असाल, सशांचे डॉक्टर शे-दोनशे किलोमीटरवर असतील, किंवा एखादीचं हृदय-फुप्फुस भुलेला झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर हा मार्ग कमीपणाचा मुळीच नाही. अननुभवी हातांतल्या ऑपरेशनपेक्षा मी हाच निवडेन. दोघी एकमेकींना पाहतात, हुंगतात, जाळीला पाठ लावून झोपतात. सशाला सोबत लागते आणि ती बऱ्याच अंशी इथेही मिळते.

पण याची किंमत रोज मोजावी लागते. दोन घरं, दोन ट्रे, पाण्याची दोन भांडी, उन्हाळ्यात बर्फाच्या दोन बाटल्या, आणि मोकळं सोडायच्या दोन पाळ्या. प्रत्येकीला रोज निदान तीन-चार तास पळायला मिळायला हवेत. दोन खोल्यांच्या घरात नोकरी सांभाळून हे जमेल का, ते आधी आठवडाभर करून पाहा. घरातल्या एकानेही जाळीचं दार उघडं टाकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. गर्भाशयाचा धोका तर राहतोच, म्हणून लघवीत रक्त दिसतंय का याकडे लक्ष ठेवावं लागतं. नुसता लालसर रंग गाजर-बिटानेही येतो. रक्ताची शंका आली तर डॉक्टरांकडून तपासून घ्या.

एकीला दुसरं घर, किंवा मधे एक नर

जागाच नसेल, किंवा दोन-तीन महिने प्रयत्न करूनही प्रत्येक भेट रक्तावर जात असेल, तर एकीला चांगलं घर शोधणं योग्यच. सोसायटीच्या बागेत किंवा डोंगरावर ‘मोकळं’ सोडणं म्हणजे तिला कुत्र्या-घारींच्या तोंडी देणं. पाळीव ससा रानात जगत नाही. आणि मागे राहणारी एकटी पडते, हे धरून चला.

नसबंदी झालेला नर आणि मादी ही जोडी दोन माद्यांपेक्षा सहज जमते, हे खरं. पण नराची नसबंदी झाल्यावरही चार ते सहा आठवडे तो गर्भधारणा करू शकतो. शिवाय आधीच भांडणाऱ्या दोघींत तिसरा आणला तर जाळ्या तीन होतात. एकीला घर मिळाल्यावर उरलेलीसाठी म्हणून हा विचार चांगला. भांडणावर उपाय म्हणून मला पटत नाही.

मला कुणी विचारलं तर मी आधी एकच गोष्ट विचारते: सशांवर हात बसलेले डॉक्टर तुमच्या आवाक्यात आहेत का? असतील, आणि चार-पाच महिने धीर धरायची तयारी असेल, तर दोघींची नसबंदी करा. एकीचीच करून थांबू नका, दुसरी तशीच पेटलेली राहते. नसतील, तर जाळी मजबूत करा आणि पाळ्या लावून घ्या.

जोडी जमल्यावरही जाळी भंगारात देऊ नका. आमची माळ्यावर आहे. गेल्या महिन्यात तिळीला दाताच्या तपासणीला एकटीला नेलं, ती दवाखान्याचा वास घेऊन आली आणि गुळी तिच्यावर धावून गेली. दोन रात्री जाळी परत लावावी लागली. आता तपासणी एकीची असली तरी दोघी एकाच पेटीतून जातात.