यूआरबॅकअप: भोसरीतल्या आमच्या ऑफिसात वर्षभर वापरून बघितलं

आमचं जिग-फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनांचं काम आहे, भोसरी एमआयडीसीत. सात डेस्कटॉप, पाच लॅपटॉप, ऑटोकॅडची ड्रॉइंगं आणि अकाउंटला टॅली. आयटीचा वेगळा माणूस नाही, ते काम माझ्याकडे. बॅकअपची आधीची पद्धत अशी होती की प्रत्येक मशीनवर विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये रात्री दोनची वेळ लावलेली आणि एका शेअर फोल्डरमध्ये कॉपी व्हायची. डेस्कटॉपचं ठीक चाललं होतं. पण लॅपटॉप रात्री दोनला ऑफिसात असतोच कुठे, तो डिझायनरच्या बॅगेत चिंचवडला, वाकडला. वेळ चुकली तर नंतर लगेच चालव असा एक पर्याय शेड्यूलरमध्ये असतो, तो मी लावला होता, पण चार्जर जोडलेला असेल तरच चालव ही टिक मुळातच असते ती काढायची राहिली, आणि आमची मुलं लॅपटॉप बॅटरीवरच वापरतात. मग एका सोमवारी एकाची एसएसडी गेली आणि कॉपी बघितली तर १९ दिवस जुनी. एका पूर्ण फिक्स्चरची ड्रॉइंगं शॉप फ्लोअरवरच्या प्रिंटवरून परत काढावी लागली, दोन जण आठवडाभर त्यातच होते.

त्यानंतर यूआरबॅकअप लावलं, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनचा बॅकअप एका सर्व्हरवर आपोआप घेणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत. एक जुना पीसी होता त्यावर लिनक्स टाकून सर्व्हर केला (सर्व्हर विंडोजवरही चालतो), ४ टीबीच्या डिस्क घेतल्या आणि प्रत्येक मशीनवर छोटा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम, टाकला. बाकी सगळं ब्राउझरमधून.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे याचं शेड्यूल घड्याळावर नाही, अंतरावर चालतं. फाइल बॅकअप मुळात दर ५ तासांनी, इमेज म्हणजे पूर्ण विंडोजसकट प्रत दर ७ दिवसांनी. लॅपटॉप नेटवर्कवर नसेल तर सर्व्हर नुसता थांबतो, माणूस सकाळी येऊन लॅपटॉप उघडतो आणि पाच तास उलटून गेलेले असले की थोड्या वेळात बॅकअप आपोआप सुरू. कुणाला काही आठवण करायची गरज नाही. दर वेळी सगळं नाही, बदललेल्या फाइलीच जातात, ड्रॉइंग उघडं असलं तरी विंडोजच्या शॅडो कॉपीमुळे, म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कच्या गोठवलेल्या प्रतीमुळे, फाइल उचलली जाते. आणि तेच स्टँडर्ड पार्टचं ड्रॉइंग पाच जणांकडे असेल तर डिस्कवर एकदाच जागा घेतं, आमच्यासारख्या ठिकाणी हा फरक खूप मोठा आहे.

अंतराशिवाय वेळेची खिडकीही देता येते, कोणत्या वारी किती ते किती. वार आकड्याने द्यायचा, १ म्हणजे सोमवार. आमची सुट्टी गुरुवारची म्हणून मी डेस्कटॉपची इमेज ४ वर, म्हणजे गुरुवारी लावली, दिवसभर मशीन रिकामीच असतात. दोन-तीन वेळा अर्धवट राहिली. मग लक्षात आलं की देखभालीसाठी लाईटही गुरुवारीच जाते आणि यूपीएस किती वेळ पुरणार! आता बुधवारी संध्याकाळी ७ ते रात्री १२ ठेवलंय, त्या दिवशी डेस्कटॉप चालू ठेवूनच सगळे घरी जातात. लॅपटॉपचा वेगळा ग्रुप केला, त्यांची इमेज शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळेपासून ३ पर्यंत. ग्रुपला वेगळी सेटिंग देता येते हे मला उशिरा कळलं, तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

पहिला पूर्ण बॅकअप वायरवरच घ्या, वायफायवर नको. आमचा स्विच जुना १०० एमबीपीएसचा होता, २०० जीबीच्या एका मशीनला पाच तासांच्या वर लागले, गिगाबिट स्विच आणून बसवला तेव्हा जीव आला. सकाळी ९ ला सगळे लॅपटॉप एकदम उघडतात तेव्हा नेट जाम व्हायचं, एका वेळी किती बॅकअप चालायचे तो आकडा २ वर आणला, प्रश्न मिटला.

खटकण्यासारख्या गोष्टी आहेतच. इमेज मुळात फक्त सी ड्राइव्हची होते. आमची ड्रॉइंगं डी वर, म्हणजे डी चे फोल्डर फाइल बॅकअपमध्ये स्वतः टाकायला हवेत, हे कुणी विसरलं तर बॅकअप हिरवा दिसेल आणि काम मात्र त्यात नसेल. मॅकची इमेज होत नाही, फक्त फाइली. क्लायंट आपोआप सापडतो तो एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच भागात, आमच्या मागच्या खोलीत वेगळा राउटर होता, तिथले दोन लॅपटॉप दिसेनातच, शेवटी तो राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला. आणि सेटिंगची पानं इतकी आहेत की पहिल्यांदा घाबरायला होतं.

पावसाळ्यात परत एका लॅपटॉपची डिस्क गेली. नवीन एसएसडी घातली, रिस्टोअरच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं, शनिवारची इमेज चढवली आणि डी च्या फाइली सकाळच्या बॅकअपमधून घेतल्या. दुपारच्या चहापर्यंत मुलगा त्याच ड्रॉइंगवर परत बसला होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खरंच.

एक काम मात्र वेगळं करावं लागतं. सर्व्हर त्याच इमारतीत आहे, आग किंवा चोरी झाली तर मशीन आणि बॅकअप दोन्ही जाणार. पूर्ण बॅकअप डिस्क दुसरीकडे कॉपी करणं हार्डलिंकमुळे (एकच फाइल अनेक बॅकअपमध्ये दिसते, पण डिस्कवर एकदाच असते) फार जड जातं, म्हणून मी प्रत्येक मशीनच्या फोल्डरमधलं 'करंट' नावाचं, म्हणजे ताज्या बॅकअपचं, तेवढंच बाहेरच्या डिस्कवर घेतो. ती डिस्क बुधवारी संध्याकाळी मालकांबरोबर घरी जाते आणि शुक्रवारी सकाळी परत येते.